तापीच्या फुगवट्यावर फ्लाय फिशिंग: मरळ आणि शिवड्यासाठी येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापी आणि पूर्णेचा संगम जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवला होतो आणि त्याखाली हतनूरच्या धरणाने पाणी अडवलं आहे. त्या फुगवट्यावर मी पाहुण्यांना फ्लाय रॉडने मोठे शिकारी मासे धरायला नेतो. बोट आप्पा चालवतात. त्यांचं सगळं आयुष्य जाळ्यावर गेलं आहे आणि मला जे येतं त्यातलं निम्मं त्यांच्याकडून आलं आहे. फोनवर लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. येण्याआधी एकदा सावकाश वाचा.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय? गळ टाकून बसण्यापेक्षा वेगळं काय आहे त्यात?

ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवतात, तेव्हा दगडाचं वजन पुढे जातं. साध्या स्पिनिंग रॉडचंही तसंच असतं. पुढे वजनदार लूर म्हणजे नकली आमिष, मागे बारीक दोरा. फ्लाय म्हणजे गळावर बांधलेले केस, पिसं, फोमचा तुकडा. तिला वजन जवळपास नसतंच, ती दगडासारखी फेकता येत नाही. म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार असते आणि फेकायचं ते दोरीला. बैलगाडीवरचा माणूस आसूड कसा मागे नेतो, क्षणभर थांबतो आणि मग पुढे सोडतो ते आठवा. तो मधला थांबा म्हणजेच फ्लाय कास्टिंग. ज्यांनी लहानपणी आसूड ओढला आहे ते अर्ध्या दिवसात शिकतात, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

गळ टाकून बसण्यात मासा तुमच्याकडे येतो. इथे तुम्ही मासा शोधता, तो कुठे आहे हे आधी पाहता आणि मग एकच फेक नीट टाकता. दिवसातला बराच वेळ नुसतं पाणी पाहण्यात जातो.

इथे कोणते मासे मिळतात?

मुख्य मरळ. मोठी मरळ शेपटीच्या बुंध्याजवळच्या डोळ्यासारख्या ठिपक्यावरून लगेच ओळखू येते. काळा ठिपका आणि भोवती नारिंगी कडा. ही जात मीटरभराच्या पुढे वाढू शकते. आमच्या बोटीवर आलेली सगळ्यात लांब मरळ 91 सेंटीमीटरची होती. लहान, पट्ट्यांची मरळही भरपूर आहे आणि नवशिक्यासाठी तीच चांगली.

दुसरा शिवडा. तापीच्या वरच्या अंगाला, बऱ्हाणपूरकडे त्याला पढीन म्हणतात. मोठं तोंड, बारीक दातांच्या रांगा, अंगावर खवलं नाहीत. गोड्या पाण्यातला शार्क असं त्याला उगाच म्हणत नाहीत. तो दिवेलागणीला हलतो आणि नदीच्या जुन्या पात्राच्या कडेने, खोल पाण्यात फिरतो. जगभरच्या नोंदीत हा मासा आता धोक्यात आलेल्या, असुरक्षित जातींमध्ये धरला जातो, म्हणून शिवडा लागला की आम्ही जास्त काळजी घेतो.

तिसरा शिंगाळा. फ्लायवर कधीमधी लागतो. त्याच्या पाठीवरचा आणि बाजूच्या परांतला काटा हाताला लागला तर दिवसभर ठणकतो, त्यामुळे तो आला की हात लावायचा नाही. आप्पा सोडवतील.

कटला, रोहू, मृगळ हे गावच्या मच्छीमार संस्थेने सोडलेले मासे. त्यांच्यासाठी आम्ही फ्लाय टाकत नाही.

महासीर मिळेल का?

नाही. तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांतला हा मासा आहे आणि शेजारच्या मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा मासा मानलं आहे. पण त्याला वाहतं, खळाळतं पाणी आणि अंडी घालायला स्वच्छ गोटे लागतात. आमचा फुगवटा म्हणजे संथ पाणी आणि तळाशी गाळ. महासीर दाखवतो म्हणून मी कुणाला बोलावणार नाही.

परवानगीचं काय? धरणावर कुणीही जाऊन मासे धरू शकतं का?

नाही. धरणातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि तो बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडते, राखण करते आणि वर्षभर त्यावर घरं चालवते. त्या पाण्यात न विचारता रॉड टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या केळीच्या बागेत शिरून घड कापणं. आमच्या प्रत्येक फेरीची आधी संस्थेला कल्पना दिलेली असते आणि रॉडमागे ठरलेले पैसे तिथे जमा होतात.

खान्देशात काही जागा मात्र पूर्ण वर्ज्य आहेत. शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्यात येतं. सातपुड्यातल्या यावल अभयारण्यातल्या ओढ्या-नाल्यांचंही तेच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तिथे तो लागू आहे. "एक दिवस गुपचूप जाऊ" असं म्हणणाऱ्या पाहुण्याला मी दुसऱ्या फेरीलाही नेत नाही.

मरळ तर बाजारात महाग विकली जाते. मच्छीमार ती सोडू कशी देतात?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

सुरुवातीला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मरळ आणि शिवडा त्यांची बोटुकली खातात, त्यांच्या पैशांवर वाढतात. वर जिवंत मरळीला बाजारात जो भाव मिळतो तो कटल्याला मिळत नाही. असा मासा धरून परत सोडायचा, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. मी आठ-दहा वेळा संस्थेच्या ओट्यावर जाऊन बसलो. शेवटी जे ठरलं ते असं: आमच्या रॉडवर आलेला मासा जिवंत सोडायचा, त्याच्या मोबदल्यात संस्थेला रॉडमागे पैसे द्यायचे, बोट आणि बोटवाला गावातलाच घ्यायचा. त्यांच्या जाळ्याबद्दल मी काही बोलायचं नाही.

म्हणजे तुम्ही सकाळी सोडलेली मरळ संध्याकाळी कुणाच्या तरी जाळ्यात जाऊ शकते. काही पाहुण्यांना याचा राग येतो. मला येत नाही. पाणी त्यांचं आहे, आपण त्यावर पाहुणे आहोत. पण एक गोष्ट मी पाहिली. जिथे आम्ही नेहमी जातो त्या खाडीत आप्पांचे दोन भाऊबंद आता मोठ्या मरळीसाठी जाळं लावत नाहीत. एक मरळ बाजारात एकदाच विकली जाते आणि पाण्यात राहिली तर वर्षात पाच-सहा बोटी तिच्यामागे येतात, हा हिशेब त्यांनी स्वतः मांडला. मला तो सांगावा लागला नाही. मोठी मरळ पाण्यात राहिली तरच माझा धंदा राहील आणि ती राहील की नाही हे ओट्यावर बसणारी माणसं ठरवतील. म्हणून येताना त्यांना नमस्कार करा, दोन शब्द बोला, बोटीत घाईघाईने चढू नका.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत पाणी आणि हवा दोन्ही माणसाला सोसतात. दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे मला सगळ्यात आवडतात, कारण धरण भरलेलं असतं, काठचं गवत पाण्याखाली गेलेलं असतं आणि मरळ त्या गवतात बेडकांच्या मागे असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी गार पडतं, मासा सुस्त होतो. तेव्हा आपण ऊन वर आल्यावर, नऊनंतर निघतो.

एप्रिल-मे महिन्यात मरळ चांगली लागते, कारण पाणी उतरून ती ठरावीक डोहांत गोळा होते. पण जळगाव-भुसावळचं ऊन सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा पहाटे साडेपाचला निघायचं आणि साडेनऊला सावलीत परत. शिवड्यासाठी संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात कितीही आग्रह केलात तरी मी बोट काढणार नाही.

जून ते सप्टेंबर बंद का?

एक कारण उघड आहे. हतनूरला 41 दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते उघडले की पाण्याला ओढ लागते आणि वरून लाकडं, झुडपं वाहत येतात. विजांचं भय वेगळंच.

दुसरं कारण माझ्या हातून घडलेल्या चुकीचं आहे. पाचेक वर्षांपूर्वी जुलैत मी एकटाच काठाने चाललो होतो. एका कोपऱ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी डाग थरथरत होता, ताटाएवढा. मरळीची पिल्लं होती ती. शेकडो बोटभर पिल्लं एकत्र वर येऊन हवा घेत होती आणि खाली मोठी सावली फिरत होती. मरळीची जोडी पिल्लांवर राखण करते आणि जवळ काहीही आलं की तुटून पडते. ते मला माहीत होतं, तरी मी फ्लाय टाकली. पहिल्याच फेकीला तिने घेतली. भूक म्हणून नव्हे, पिल्लांच्या राखणीसाठी. तिला काठावर आणून, गळ काढून सोडायला मला सात-आठ मिनिटं लागली असतील. तेवढ्यात त्या नारिंगी डागाभोवती चिलापी मासे जमले होते आणि वरून पाणकावळा उतरला होता. डाग फुटला, दोन झाले, मग लहान लहान झाले. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

तेव्हापासून पिल्लांवर असलेल्या मरळीला आमच्या बोटीवरून फ्लाय टाकली जात नाही. उशिराची वीण कधी ऑक्टोबरातही दिसते. तो डाग दिसला की आप्पा वल्हं उलटं मारतात आणि आपण पुढे जातो. हा नियम पाहुण्याने मोडला तर फेरी तिथेच संपते, पैसे परत मिळत नाहीत.

बोटीवरचा दिवस कसा असतो?

बोट सपाट तळाची, फायबरची, इंजिन नसलेली. पाण्यावर आवाज फार दूर जातो आणि मरळीला तो आपल्याआधी कळतो. आप्पा मागे वल्ह्यावर, पाहुणा पुढे उभा, मी मधे. पायाशी एक घमेलं ठेवलेलं असतं आणि त्यात ओलं फडकं. ओढून घेतलेली दोरी त्या घमेल्यात पडते, म्हणजे ती पायात, वल्ह्यात, चपलेच्या पट्ट्यात अडकत नाही.

आता मरळ कशी शोधायची ते सांगतो. मरळीला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवा साठवायची वेगळी पोकळी असते आणि तिला ठरावीक वेळाने वर येऊन श्वास घ्यावाच लागतो. म्हणून आपण पाणकणसाच्या कडेला थांबतो आणि ऐकतो. आधी काही नसतं. मग जलपर्णीच्या दोन चकत्यांमधे पाणी आतून फुगल्यासारखं होतं, "बुडुक" असा जड आवाज येतो आणि दोन बुडबुडे मागे राहतात. नवा माणूस लगेच रॉड उचलतो. आप्पा हळूच म्हणतात, "दम धर भो. आत्ताच गेली. येईनच वर." फेक त्या बुडबुड्यांवर टाकली तर ती दचकून निघून जाते. बुडबुडे कोणत्या बाजूला सरकले ते पाहायचं, म्हणजे तिचं तोंड कुठे आहे ते कळतं. मग त्या दिशेने दोन-तीन हात पुढे फ्लाय टाकायची, पाण्यावरची कडी विरू द्यायची आणि एकदाच हलकं ओढायचं. पुढचं सांगावं लागत नाही. पाणी फाटल्यासारखा आवाज होतो.

कधी मरळ फ्लायच्या मागे बोटीपर्यंत येते आणि घेत नाही. अशा वेळी फ्लाय उचलू नका. रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी 8 काढा, सावकाश, मोठ्या वळणाचा. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर मस्की नावाच्या शिकारी माशासाठी ही युक्ती नेहमी वापरतात. आमच्याकडे ती दर वेळी चालत नाही, पण चालते तेव्हा मासा हातभर अंतरावर असतो आणि ते दृश्य माणूस विसरत नाही.

मी कधी रॉड हातात धरलेला नाही. जमेल का?

जमेल. पहिला तास आपण काठावर, गवतावर सराव करतो. 12 ते 15 मीटरची सरळ फेक पुरते. लांब फेकण्याचा हट्ट नको, इथे नेमकेपणा लागतो. खरी अडचण फेकण्यात नसून नंतर येते. मासा लागला की हात आपोआप रॉड वर उचलतो, कारण आपण तसंच करत आलो आहोत. मरळीचा जबडा हाडकट असतो. रॉड वर केला की टोक वाकतं, सगळा जोर त्यातच जिरतो आणि गळ नुसता घसरतो. रॉड माशाकडे सरळ रोखून ठेवायचा आणि डाव्या हाताने दोरी झटकन मागे ओढायची, विहिरीवरून बादली ओढताना लावतो तेवढ्या जोराने. त्यानंतर रॉड उचला. हे मी दिवसातून वीस वेळा सांगतो, तरी पहिली मरळ बहुतेक जणांच्या हातून जाते. वाईट वाटून घेऊ नका.

साहित्य कोणतं लागतं? माझ्याकडे नाही, मिळेल का?

दोन रॉड बोटीवर असतात, त्यांचं वेगळं भाडं नाही. स्वतःचं आणायचं असेल तर मरळीला 9 फुटी, 8 किंवा 9 नंबरचा रॉड आणि तरंगती दोरी. शिवड्याला 9 किंवा 10 नंबर आणि हळू बुडणारी दोरी.

हा नंबर म्हणजे काय हे अनेक जण विचारतात. तो दोरीच्या वजनाचा आहे. दोरीच्या पुढच्या 30 फुटांचं वजन मोजतात. 8 नंबरला ते साधारण 13.6 ग्रॅम, 9 ला 15.5 आणि 10 ला 18 ग्रॅमच्या आसपास येतं. जळगावच्या सराफ बाजाराच्या भाषेत, दहा ग्रॅमचा तोळा धरून सांगायचं तर सव्वा तोळ्याच्या थोडं वर ते पावणेदोन तोळ्यांच्या थोडं वर. एवढ्याशा वजनावर ओल्या बेडकाएवढी फ्लाय वाऱ्यात न्यायची असते, म्हणून ट्राऊट या थंड पाण्यातल्या माशासाठीचा हलका 5 नंबर इथे आणू नका.

लीडर, म्हणजे जाड दोरी आणि फ्लाय यांच्यामधला दोरा, आखूड, सहा-सात फुटांचा. त्याच्या टोकाला 40 पौंडांचा ताण सोसणाऱ्या जाड नायलॉनचा वीतभर तुकडा, कारण दात दोरा झिजवतात. मरळीसाठी मी तार लावत नाही, शिवड्यासाठी लावतो. रीलला ब्रेक चांगला हवा, पण मरळ लांब पळणारा मासा नाही. ती गवतात, बाभळीच्या बुडालेल्या खुंटांत शिरते. पहिल्या पाच सेकंदांत तिला बाहेर खेचली तर तुमची.

फ्लाय विकत आणाव्यात का?

आणल्यात तर बाहेरच्या मोठ्या हरणाच्या केसांच्या बेडूक-फ्लाय छान चालतात. फक्त गळापुढे गवतरोधक दोरा असलेल्या घ्या, नाहीतर प्रत्येक फेकीला जलपर्णी ओढाल. पण मी स्वतः बांधलेल्या वापरतो. पॉपरचं, म्हणजे पाण्यावर आवाज करत तरंगणाऱ्या फ्लायचं, डोकं जुन्या हवाई चपलेच्या रबराचं. ब्लेडने करंगळीएवढा तुकडा कापायचा, तोंडाला खोबणी करायची, तापवलेल्या सुईने आरपार भोक पाडायचं. पाय म्हणून रबरी धागे, मागे बोकडाचे केस. खाटकाकडून आणलेले केस साबणाने धुवून सावलीत वाळवले की चिलापीच्या पिल्लासारखी फ्लायही त्यातूनच होते. निळ्या पट्ट्याच्या पांढऱ्या चपलेने मला जेवढ्या मरळी दिल्या तेवढ्या कोणत्याही महागड्या फ्लायने दिल्या नाहीत.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेलाच हवा. याला अपवाद नाही.

मासा घरी नेता येईल का?

नाही. फेरीत धरलेला प्रत्येक शिकारी मासा परत जातो. मासे खायचे असतील तर संस्थेकडून रोख घ्या, ताजे मिळतात आणि पैसे योग्य घरी जातात.

सोडण्याबद्दल थोडं लिहितो, कारण इथे ट्राऊट सोडायची रीत चालत नाही. परदेशी व्हिडिओंत मासा पाण्याखाली धरून मागे-पुढे हलवतात. मरळीला तसं धरलंत तर ती गुदमरते. तिला हवा लागते. जाळ्यात अडकून वर येता न आलेली मरळ पाण्यातच मरते, हे कुठलाही भोई तुम्हाला सांगेल. म्हणून तिला पोटाखाली ओल्या हाताने आधार द्यायचा, तोंड पाण्याच्या वर येऊ द्यायचं. ती एक घोट हवा घेते, कधी दोन, आणि मग हातातली पकड तिची ती सोडवते.

मरळ बाहेर बराच वेळ जगते, बाजारात पातेल्यातल्या इंचभर पाण्यात दिवसभर असते, म्हणून तिला काही होत नाही असा समज आहे. पण तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर गेला की जखमेला बुरशी धरते. कोरडा हात नको, फडकं नको, तापलेल्या बोटीच्या तळावर ठेवणं तर मुळीच नको. शिवड्याला मात्र पाण्याखालीच धरायचं, तोंड वाहत्या बाजूला. मरळीसारखी हवा त्याला घेता येत नाही.

फोटो?

कॅमेरा आधी तयार ठेवा. मासा पाण्याबाहेर दहा सेकंद, दोन्ही हातांनी, पाण्यालगत. लांबी बोटीच्या कडेवर आखलेल्या पट्टीने पाण्यातच मोजतो. वजन करत नाही.

आम्ही माळकरी आहोत. मित्रासोबत नुसतं येऊन बसलं तर चालेल का?

जरूर या. माझ्याही घरात माळ आहे. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते तेव्हा आई दोन मुक्काम चालते. तिने मला विचारलं होतं, "सोडायचाच तर धरतो कशाला?" मी तिला माशाला त्रास होत नाही असं सांगितलं नाही, कारण ते खोटं आहे. त्रास होतो. तो कमीत कमी व्हावा म्हणून काटा दाबलेला गळ, जाड दोरा, थोडा वेळ, उन्हाळ्यात दुपारी बंद, हे सगळं करतो. आणि या बोटीमुळे दोन घरांचा जाळ्यावरचा भार कमी होतो. आईला हे पूर्ण पटलं असं नाही. तुम्हालाही पटलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण पाण्यावर येऊन बसायला रॉड हातात धरावा लागत नाही.

मासा मिळेलच याची हमी आहे का?

नाही. दोन दिवसांत बहुतेकांना मरळ दिसते, घेते आणि बऱ्याच जणांच्या हातीही येते. मोठी येईलच असं नाही. शिवडा तर आठवडा-आठवडा दिसत नाही. पाणी वाढतंय की उतरतंय, वारा कुठला आहे, आदल्या रात्री त्या खाडीत जाळं होतं का, इतक्या गोष्टी त्यात असतात. एका पाहुण्याने रिकाम्या दिवसाचे अर्धे पैसे परत मागितले होते. मी दिले नाहीत. आप्पांचे हात त्या दिवशीही तेवढेच दुखले होते.

पोहता येत नाही. धोका कितपत?

लाईफ जॅकेट सगळ्यांना, आप्पांनाही. सुरुवातीला ते नको म्हणायचे, आता स्वतःहून घालतात. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाज्यांकडे आपण जात नाही. चष्मा किंवा गॉगल सक्तीचा, कारण वाऱ्याने फ्लाय डोळ्याकडे येऊ शकते. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, उपरणं किंवा रुमाल, माणशी तीन लिटर पाणी. तापीत मगरी आहेत, म्हणून पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, काठावर हात-पाय धुवायला एकट्याने जायचं नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठला आणि लाटांना पांढरी टोकं दिसली की आपण काठाला लागतो, तेव्हा वाद घालू नका.

मुलांना आणता येईल का?

दहा वर्षांच्या पुढे. पट्टेरी मरळीवर मुलं फार रमतात आणि मोठ्यांपेक्षा चांगलं ऐकतात.

हिवाळ्यात पक्षी असतात म्हणे?

असतात आणि भरपूर. चक्रवाक, पट्टकादंब हंस, थापट्या, कितीतरी बदकं. उथळ गाळाचा जो भाग त्यांचा आहे तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोट नेत नाही, मग तिथे कितीही मरळ दिसो. थवा उठवून मिळालेला मासा मला नको आहे. दुर्बीण मात्र आणा.

जेवण आणि राहणं?

भुसावळ जंक्शनला उतरलात की मी घ्यायला येतो. राहणं गावात, साध्या खोलीत, स्वच्छ पलंग आणि पंखा. जेवण आप्पांच्या घरचं. हिवाळ्यात आलात तर भरिताचा बेत ठरलेला असतो. कपाशीच्या पळाट्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, वर शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी. इतर दिवशी शेवभाजी किंवा वरण-बट्टी. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा. आयत्या वेळी कमी करता येत नाही.

खर्च किती आणि तो कुठे जातो?

दर हंगामाप्रमाणे बदलतो, तो बुकिंगच्या वेळी लेखी कळवतो. त्यात बोट, साहित्य, जेवण आणि संस्थेचे पैसे धरलेले असतात. आप्पांची मजुरी ठरलेली आहे, मासा मिळो न मिळो. बोटीवर एका वेळी दोनच रॉड. तिसरा मित्र फक्त पाहायला आला तर त्याचे जेवणाचेच पैसे.

फेरी रद्द करावी लागली तर?

वादळ, दरवाजे उघडणं किंवा संस्थेचं मोठं जाळं, यामुळे मी रद्द केली तर पूर्ण पैसे परत, किंवा दुसरी तारीख. तुम्ही रद्द केलीत तर चार दिवस आधी कळवा. आप्पा त्या दिवशीचं जाळं सोडून बोट तयार ठेवतात. आधी कळलं तर त्यांची रात्र वाया जात नाही.